टपावर गुनवोरच्या स्की

माझ्या सासऱ्याने, टोरलाइफने, फोनवर चारच गोष्टी सांगितल्या, आणि चारही स्कींबद्दल.

"टोकं मागे. बुडाला बूड लावून बांध, मध्ये लाकडाचा ठोकळा घाल. बुटाच्या पकडीला काहीतरी गुंडाळ, रस्त्यावर मीठ टाकलेलं आहे. आणि खाली क्लिस्टर असेल तर आधी खरवडून काढ."

"बरं," मी म्हटलं. "तीरिलला आता चार दात आलेत."

"ठोकळा स्कींच्या मागेच असेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गुनवोर, माझी सासू, नोव्हेंबरात गेली. तेव्हापासून सासरा वर वाल्द्रेसच्या डोंगरात, त्यांच्या लाकडी केबिनमध्ये एकटाच राहतोय. आख्ख्या हिवाळ्यात त्याने एकदाही पायाला स्की लावल्या नाहीत. लाकडांच्या खोपटापर्यंत जातो आणि परत येतो, असं शेजारणीने माझ्या नवऱ्याला, आयविनला, कळवलं होतं. एकेचाळीस वर्षं तो आणि गुनवोर जोडीने मागच्या टेकडीवर जायचे. एकट्याने जायची त्याला सवयच नव्हती. आणि मागच्या आठवड्यात त्याने स्वतःहून फोन केला. ईस्टरला येताना गुनवोरच्या स्की घेऊन ये, म्हणाला. कशाला ते सांगितलं नाही.

"मागितल्या ना? म्हणजे बाहेर पडेल तो," आयविन म्हणाला. तो समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असतो, त्याचा आवाज नेहमी डब्यातून आल्यासारखा येतो. "नीट ने, इंगुन. स्कींना काही झालं तर तो दुसऱ्यांदा मागणार नाही. मी ओळखतो त्याला."

खरं तर आयविनच नेणार होता. पण त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला, आणि त्याचे आणखी दोन आठवडे वाढले.

शनिवारी सकाळी मी तळघरात उतरले. लेकीला, तीरिलला, तिच्या गाडीतल्या खुर्चीसकट खाली जमिनीवर ठेवलं. गुनवोरच्या स्की भिंतीला टेकून होत्या, जुन्या, लाकडी, डांबराचा वास येणाऱ्या. पकड दुरुस्त करायची म्हणून मागच्या ईस्टरला तिने त्या आमच्याकडे ठेवल्या. मग दुखणं निघालं आणि पकड राहून गेली. ती मी गेल्या आठवड्यात करून आणली होती. दुकानदार तेवढा स्क्रू फिरवून मोकळा झाला, आणि मीही बुडाकडे पाहिलं नव्हतं.

आता उलटी केली, तर पायाखालच्या भागात जांभळं क्लिस्टर. ओल्या, गोठलेल्या बर्फावर पाय घसरू नये म्हणून ट्यूबमधून लावतात ते चिकट मेण. ते तसंच ठेवून स्की टपावर चढवायच्या नाहीत, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. गुळाला माशा बसाव्यात तशी, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेली सगळी खडी आणि मीठ त्यात जाऊन बसतं.

मी खरवडायची पट्टी घेतली, आणि मला केस दिसला.

डाव्या स्कीवर, बरोबर टाचेच्या जागी. लांब, करडा, अर्धा वेटोळं घालून क्लिस्टरमध्ये रुतलेला. गुनवोर क्लिस्टर उघड्या अंगठ्याने पसरायची, त्याच हाताने केस मागे सारायची, आणि मग स्वतःलाच शिव्या घालायची. ऑगस्टपर्यंत तिच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता.

मी आयविनला फोन लावला. उचलला नाही, तो कामावर असणार. मग तीरिलकडे पाहिलं. ती लाकडाचा ठोकळा चघळत होती. तो काढून घेतला, तिच्या तोंडात बोट घालून कुसळ शोधलं. सापडलं नाही. पुन्हा शोधलं.

मग वर जाऊन बेकिंग पेपर आणला. त्याच्या लांब पट्ट्या कापून क्लिस्टरवर हलकेच दाबल्या, वरून प्लास्टिक गुंडाळलं. तीरिलच्या आखूड झालेल्या लोकरी विजारी पकडींवर चढवल्या, एकेका पकडीवर एकेक. बुडाला बूड, मध्ये ठोकळा, टोकं मागे. टपावरच्या कॅरियरला पट्टे आवळले, ओढून पाहिले. चार वेळा पाहिले. शेजारी माझ्या आखूड प्लास्टिकच्या स्की. आयविनच्या तळघरातच राहिल्या. निघताना मी त्या उगाच सरळ करून ठेवल्या.

आमच्या द्रामेनमध्ये शून्याच्या वर चार अंश होते. रस्ता काळा, ओला, पुढच्या प्रत्येक ट्रकमागून खारट चिखल उडत होता. हनेफॉसच्या पुढे टपावर गुणगुण सुरू झाली. एकसुरी, जाड, दाताच्या दवाखान्यातल्यासारखी. मला वाटलं कागद फाटला. बसथांब्यावर गाडी घेतली, उतरले, चाचपलं. काही झालं नव्हतं. आरशात तीरिल झोपलेली. तिची छाती वरखाली होतेय ना ते बघितलं आणि निघाले. गुणगुण परत. परत थांबले.

तिसऱ्यांदा पेट्रोलपंपावर थांबले. शेजारच्या गाडीचा माणूस एका हातात पेट्रोलची नळी आणि एका हातात सॉसेज धरून उभा होता. साठीचा असेल. मागच्या सीटवर कुत्रा.

"स्कींना लंगोट घातलेत का?" तो म्हणाला.

"थंडी वाजते त्यांना."

नळी अडकवून तो जवळ आला, पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, प्लास्टिक दाबून पाहिलं. "क्लिस्टरसकट चढवल्यास?"

"हो."

"कुठली गं तू? ओस्लोची?"

"द्रामेनची."

"मग तेच ते. शहरातलीच."

"सासूच्या आहेत," मी म्हटलं. "ती गेली. क्लिस्टर तिनेच लावलंय."

त्याचं चावणं थांबलं. सॉसेज त्याने गाडीच्या टपावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझे पट्टे सैल करायला लागला.

"आत घेऊ का गाडीत?" मी विचारलं. "पुढच्या सीटवरून तिरक्या बसतील."

"आणि हीटर लावणार? वर पोचेपर्यंत पाक होईल त्याचा. वर थंडीतच बरं त्यांना. शिवाय लेकरू आहे मागे. जोरात ब्रेक मारलास तर?"

जोरात ब्रेक मारला तर काय, ते मी सकाळपासून दहा वेळा डोळ्यांसमोर पाहिलं होतं. तरी विचारलं. कुणीतरी नाही म्हणावं म्हणून.

"पट्ट्याला एक पीळ द्यायचा असतो," तो म्हणाला. "मग वारा वाजवत नाही त्याला. तुझ्या नवऱ्याने शिकवलं नाही?"

"तो समुद्रावर आहे."

"अच्छा." त्याने पट्टे पुन्हा आवळले, सॉसेज उचललं.

"कुत्र्याचं नाव काय?" मी घाईने विचारलं.

"पेल्ले," तो म्हणाला, आणि गेला. त्या आठवड्यात माझ्याशी समोरासमोर एवढं कुणीच बोललं नव्हतं.

पिळामुळे गुणगुण बंद झाली, आणि तीरिल जागी होऊन रडायला लागली. त्या आवाजावरच ती झोपली होती. मग मीच नाकातल्या नाकात तोच सूर धरला. फागेरनेसपर्यंत पट्ट्यासारखी गुणगुणत गेले.

केबिनच्या दाराशी बर्फात स्कींची एकच जोडी रोवलेली होती. येणारा-जाणारा दाराशी किती जोड्या आहेत ते बघतो, आत किती माणसं आहेत ते त्याला कळतं. टोरलाइफच्या स्कींच्या बुडाशी बर्फ दगडासारखं धरलेलं होतं. तो स्वतः अंगणात उभा होता, किती वेळापासून कोण जाणे. नातीच्या आधी त्याने टपाला हात घातला.

"हे काय?"

"तीरिलच्या जुन्या विजारी."

त्याने त्या काढून नीट घडी घालून खिशात ठेवल्या. प्लास्टिक सोडलं. एका जागी ते फाटून कागदाच्या कडेला खडीचे चार कण चिकटले होते. त्याने कागद सोलला.

"खरवडलं नाहीस."

"नाही."

"सांगितलं होतं तुला."

"डावी बघ. टाचेजवळ."

त्याने चष्मा लावला. भुरभुर बर्फ पडत होतं, काचांवर बसत होतं, तो पुसत नव्हता. तीरिलला ताप असला की मी तिचा चेहरा बघते तसा मी त्याचा बघत होते. काही कळलं नाही.

आत जाऊन त्याने दोन खुर्च्यांवर स्की आडवी टाकली, खाली वर्तमानपत्र पसरलं, गॅसची ज्योत पेटवली आणि खरवडायची पट्टी घेतली.

"थांब," मी म्हटलं. "मी ते जपून आणलं."

"बाहेर उणे आठ आहे. नवं बर्फ आहे. क्लिस्टर ठेवून गेलीस तर पायाखाली बर्फाचा घराएवढा गोळा धरेल."

"मी?"

"मग कुणासाठी मागवल्या? त्या तुझ्या प्लास्टिकच्या घेऊन वर येता येतं का?"

मला वाटलं होतं त्याला त्या दाराशी उभ्या करायच्या आहेत, नुसत्या. मी तीरिलला मांडीवर घेऊन बसले. त्याने उजवी पूर्ण केली. मग डावी, टोकाकडून टाचेकडे. शेवटचं बोटभर राहिलं तेव्हा त्याने ज्योत विझवली आणि गार क्लिस्टरच हळूहळू खरवडलं. जांभळा गोळा कागदावर पडला, केसासकट. कागदाची घडी करून त्याने शेगडीचं दार उघडलं. मग दार लावलं आणि घडी खिडकीत ठेवली. जेवताना आम्ही बर्फाबद्दल बोललो.

सकाळी मी गुनवोरचे बूट घातले. पातळ मोजे घालूनही बोटं पुढे अडत होती. तीरिल हनुवटीपर्यंत गुंडाळलेली, तिची छोटी घसरगाडी टोरलाइफने कमरेला बांधलेली. तो पुढे, मी मागे. बर्फ कोरडं होतं, स्कींचा आवाजही येत नव्हता. तासभर त्याने मान वळवली नाही. मी तीरिलच्या टोपीकडे बघत होते, तिच्या तोंडून वाफ येतेय ना ते बघत होते, आणि त्याच्या पाठीकडे.

एका वाकड्या पाइनशी तो थांबला. तिथेच नेहमी थांबत असावा, कारण त्याने आजूबाजूला पाहिलंही नाही. खिशातून संत्रं काढलं, सोललं, दोन भाग केले आणि मागे न बघता अर्धं माझ्याकडे धरलं.

हात फार खाली होता. गुनवोर माझ्यापेक्षा डोकंभर बुटकी होती.

मी वाकून घेतलं.