सकर माशाचा माठ

मी एक माठ. थंड पाण्याचा नव्हे. माशांच्या काचेच्या टाकीत ठेवायचा, वीतभर उंचीचा. ज्याचं डोकं चालत नाही त्याला तुम्ही खुशाल माझं नाव देता. त्या दिवशी कुणाचं डोकं चाललं नाही, ते मात्र मलाच सांगावं लागतंय.

फैजपूरच्या पुना कुंभारानं उरल्यासुरल्या मातीतून मला घडवलं. तोंड अरुंद, पोट मोठं. दीपनगरच्या पॉवर हाऊसच्या वसाहतीतले वाल्मीकभाऊ मला हौसेनं घेऊन आले आणि टाकीत आडवं निजवलं. त्याच संध्याकाळी सकर मासा माझ्या पोटात राहायला आला. काळा, खरबरीत, तोंडानं काचेला चिकटून शेवाळ खाणारा. रूपाच्या नावानं शंख, पण बिऱ्हाडकरू म्हणून मला फार आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी भाऊंना अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं. त्यांच्या बायकोनं, संघमित्राताईंनी, त्यांची खाट टाकीसमोर, खिडकीला लागून घातली. त्यांनी भाऊंचं सगळं केलं, ते मी नाकारणार नाही. पण भाऊंचा दिवस निघायचा तो सकरवर. तो बाहेर आला की ते डाव्या हातानं खाटेवर टकटक करायचे आणि अर्ध्या तोंडानं हसायचे.

यंदा बुद्धपौर्णिमेला घरी वंदना होती. पॉवर हाऊसच्या राखेनं घर माखलेलं, त्यात टाकी हिरवीगार. ताईंनी सकाळीच मला बाहेर काढलं, उलटं करून पाणी ओतलं, दोनदा हलवलं. सकर आतच होता. घाबरला की तो चिकटतो. माझ्या पोटाला घट्ट चिकटून राहिला.

भाऊंनी त्याला आत शिरताना पाहिलं होतं. ते खाट बडवायला लागले, माझ्याकडे हात करायला लागले.

"हो हो, पाजते पानी," ताई म्हणाल्या. "बठ्ठं घर आवरायचं हाये, मानसं येतीन आता. थोडं थांबा ना हो!"

शेवाळ वाळावं म्हणून मला मागच्या ओट्यावर उन्हात ठेवलं. वैशाखाचं ऊन. खिडकीतून भाऊ मला पाहत होते आणि खाट बडवत होते. त्यांची बहीण झुंबरबाई आली.

"दादाच्या डोयावर ऊन येतंय, वहिनी," म्हणत तिनं पडदा ओढला.

आत वंदना सुरू झाली, सगळ्यांनी पंचशील म्हटलं. जीव घेणार नाही, खोटं बोलणार नाही. ताईंचा आवाज सगळ्यांत स्पष्ट. सकर पाण्यावाचून बराच वेळ जगतो, हेच त्याचं दुर्दैव. दुपारी कधीतरी त्यानं मला सोडलं.

चार वाजता ताईंनी घासायला हात आत घातला आणि मेलेला सकर हाताला लागला. तोंडात पदर कोंबून रडल्या. मग मासा जास्वंदीखाली पुरला, हात धुतले आणि आत गेल्या.

"सकर दिसत नाही वं?" झुंबरबाईनं विचारलं.

"झाकण उघडं राह्यलं, अक्का. मांजरीनं नेला."

आतली टकटक थांबली. त्यानंतर ती मी कधी ऐकली नाही.

आता टाकीत लाल मासे आहेत. ताई भाऊंना दाखवतात; भाऊ भिंतीकडे तोंड करून पडतात. मी ओट्यावरच आहे, राखेनं अर्धा भरलेला.

ताई, मला हवं तर फोडा. पण एकदा त्यांच्या खाटेशी बसून खरं सांगा. तो माणूस तुम्हाला एक शब्दही बोलू शकणार नाही. तरी तुमचा धीर होत नाही?