नासपतीची खुंटी

संग्रहालयाच्या शस्त्रविभागात एकशे चाळीस जुन्या लष्करी रायफली होत्या आणि नोंदवहीतल्या 'लाकूड' या रकान्यात एकशे चाळीस वेळा एकच शब्द लिहिलेला होता : अक्रोड. भांडारपाल स्वतः निवृत्त सैनिक. आधीच्यानं लिहिलं तेच त्यांनी पुढे चालवलं. पण त्या वर्षी मांडणीखाली बारीक पिवळा भुसा पडलेला दिसला. कीड लागली होती, आणि तीही निवडून. एका रायफलीला सोडून शेजारच्या दोघींना. कीड काही नोंदवही वाचत नव्हती. वरच्या साहेबांनी विचारलं, सगळं अक्रोडच आहे ना? भांडारपालांना छातीठोकपणे सांगता येईना. मग त्यांनी लाकूडपंडितांना निरोप धाडला.

लाकूडपंडित हे प्रयोगशाळेतल्या लोकांनी पाडलेलं नाव. उभा जन्म लाकडं ओळखण्यात गेलेला, आता निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. निरोप मिळताच त्यांनी हो म्हणून टाकलं. उजवा हात थरथरतो, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, त्यांनी ते पोटातच ठेवलं. बायकोला ते उमगलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी ती डब्याचं निमित्त करून बरोबर गेली.

रायफलीच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, टोकाशी एक लोखंडी पट्टी असते. दोन स्क्रू काढले की पट्टी सुटते आणि आत ना तेल ना रंग, निव्वळ लाकूड भेटतं. त्याचा पापुद्रा पात्यानं सोलायचा, जागा ओली करायची आणि भिंग लावायचं. पंडितांनी पातं टेकवलं आणि ते सरकून थेट अंगठ्यात गेलं. बायकोनं अंगठा रुमालानं बांधला, पातं उचललं आणि विचारलं, "किती पातळ हवंय?"

शर्टांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काजं केली होती. तिच्या हातून निघालेला पापुद्रा इतका तलम होता, की तो पंडितांच्या श्वासानंच उडाला. मग तिनं भिंगाला डोळा लावला आणि तिथंच थबकली. लाकूड म्हणजे टेबल, दार, पोळपाट, एवढंच आजवर तिला ठाऊक. हे म्हणजे हजारो नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. "यातून पाणी चढायचं. मुळापासून पानापर्यंत," पंडित म्हणाले. मेलेल्या लाकडात इतकी मोकळी जागा असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. अक्रोडाची छिद्रं, म्हणजे नळ्यांची तोंडं, वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठी आणि पुढे बारीक होत जाणारी. बर्च या थंड मुलखातल्या झाडाची सगळीकडे सारखी, पीठ भुरभुरल्यासारखी. तिकडच्याच बीचमध्ये मात्र सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या चकाकत्या रेषा, मध्याकडून बाहेर धावणाऱ्या. पहिल्या साठांत अक्रोड निघाले बावीस. बाकी बीच आणि थोडे बर्च, गडद रंग लावून अक्रोडाच्या थाटात मिरवणारे. भांडारपालांचं तोंड पाहण्यासारखं झालं. आपल्याला इतकी वर्षं या ठोकळ्यांनी बनवलं, असं ते दोनदा पुटपुटले.

सातव्या दिवशी एक बीचचा दस्ता आला. तेलाची कुपी ठेवायला दस्त्याच्या टोकात एक भोक असतं. इथं ते मधोमध नव्हतं, किंचित बाजूला होतं. आणि जिथं असायला हवं होतं तिथं रुपयाएवढी गोल खुंटी ठोकून बसवलेली. सांधा असा बेमालूम, की नखालाही लागेना. तिनं खुंटीचा पापुद्रा काढला. बीचच्या रेषा नाहीत, छिद्रं तर भिंगातूनही जेमतेम दिसणारी. पंडित बराच वेळ डोळा लावून बसले. "नासपती. किंवा सफरचंद. भिंगानं याच्यापुढे सांगता येत नाही, पण मला वाटतं नासपती."

भोक चुकलं असेल, म्हणून बुजवलं असेल, असं त्यांचं मत पडलं. तिचं मन मानेना. पट्टीखाली झाकायच्या जागी इतक्या निगुतीनं कोण ठिगळ लावतं? शिवाय खुंटीच्या एका अंगाला लाकूड काळपट होतं आणि वलयं सरळ जात नव्हती. कापडात गाठ आली की धागे जसे तिला वळसा घालून जातात, तशी ती वळत होती.

"आत काहीतरी आहे हो," ती म्हणाली.

भांडारपालांची मुलगी जनावरांची डॉक्टर होती. दुपारी तिच्या दवाखान्यात, जिथून एक लंगडा कुत्रा नुकताच उतरला होता त्या टेबलावर, रायफल आडवी ठेवली गेली. बाहेर बसलेल्या मांजरवाल्या बाई दारातून डोकावून गेल्या. डॉक्टरनं एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली. काळ्या करड्या दस्त्यात, खुंटीच्या बुडाशी, एक पांढराशुभ्र गोळा होता. चांगला बोराएवढा.

भांडारपालांनी फिल्म हातात घेतली. मग ते हळू म्हणाले, "ही शिशाची गोळी आहे. गोल. अशा गोळ्या नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकांच्या. ही रायफल बनली तेव्हा त्या बंदुका केव्हाच मोडीत निघाल्या होत्या."

म्हणजे गोळी दस्त्याला लागलीच नव्हती. झाडाला लागली होती. कुठल्यातरी जुन्या लढाईत, कुणाचातरी नेम चुकला, गोळी खोडात शिरली. झाड तसंच उभं राहिलं आणि वर्षाला एक वलय याप्रमाणे तिच्यावर लाकूड चढवत गेलं. फिल्ममध्ये गोळीच्या वरच्या अंगाला एक खळी होती. गिरमिटाचं टोक तिथं टेकलं होतं. रायफलींच्या कारखान्यात भोक पाडणाऱ्याला शिसं लागलं, हे त्याला नक्की कळलं होतं. असा ठोकळा भंगारात टाकायचा असतो. त्यानं तो टाकला नाही. कुठूनतरी नासपतीचा तुकडा आणला, भोक बुजवलं आणि शेजारी दुसरं पाडलं. का, ते आता कोण सांगणार?

संग्रहालयात परतल्यावर पंडितांनी कागद घेतला आणि बायकोनं सुई. वलयं जिथं पुन्हा जुळली होती तिथून बाहेरच्या कडेपर्यंत सुईचं टोक एकेक वलय ओलांडत निघालं. ती आकडे म्हणत होती, ते दहा-दहांना रेघ मारत होते. एका जागी सात वलयं एकमेकांत घुसल्यासारखी दाट होती. "दुष्काळ," पंडित म्हणाले, "नाहीतर शेजारच्या झाडांची सावली." मग पुन्हा रुंद, ऐसपैस. एक्केचाळिसाव्या वलयावर कड आली. साल तिथून किती लांब होती, कोण जाणे. करवतीनं ते नेलं होतं. निदान एक्केचाळीस उन्हाळे झाडानं पाहिले होते, पोटात शिसं घेऊन पानं फुटली होती, बिया गळल्या होत्या. तिच्या हातावर शहारे आले. ते झाकावेत असंही तिला वाटलं नाही.

भांडारपालांनी स्टूल ओढलं आणि भिंग मागितलं. रायफली वाहण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. दस्ता हा त्यांच्या लेखी खांद्याला बसणारा धक्का होता. ते इतका वेळ वाकून राहिले, की पंडितांना त्यांच्या पाठीची काळजी वाटली.

"कुठल्या बाजूनं आली गोळी?" त्यांनी विचारलं.

तिनं सुईनं दाखवलं. बाहेरून आत. भांडारपालांनी मान वर करून त्या दिशेला पाहिलं. तिथं खिडकी होती आणि कोट अडकवायची खुंटाळी. दस्ता टेबलावर कसाही पडलेला, तेव्हा त्या दिशेला काही अर्थ नव्हता. तरी ते पाहत राहिले, आणि तीही पाहू लागली.

गोळी काढायची का, असं दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी विचारलं. भांडारपालांनीच परस्पर नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. 'अक्रोड'वर रेघ मारून तिनं लिहिलं : बीच, खुंटी बहुधा नासपतीची, आत गोळी, झाडाला लागलेली. रकाना पुरला नाही, तेव्हा उरलेलं समासात लिहिलं. भांडारपालांनी तिच्या खांद्यावरून ते वाचलं आणि पुढच्या रायफलीचे स्क्रू सोडवायला घेतले.