हैबतीचा धोंडा

भिकू पाथरवटाने पहार धोंड्याखाली सरकवली, तशी गोदूबाईने काठी त्याच्या मनगटावर आडवी धरली.

“आधी निवेद. तसाच हात लावतोस मेल्या?”

“तुम्हीच घाई केलीत, काकी.”

“घाई माझी. अक्कल तू आणायची व्हतीस.”

शिमगा तोंडावर आला होता. गाव ज्याने वसवले त्याच्या दारात देवीची पालखी आधी टेकायची, आणि गाव वसवले ते गोदूबाईच्या घराण्याच्या मूळपुरुषाने, हैबतीने, असे धरून ती आजवर तिच्याच दारात टेकत आली होती. यंदा वरच्या आळीचा रामजी भर बैठकीत उठला. “इंग्रज आल्यावर सगळेच इथं रान तोडायला आले. हैबती आधी आला कशावरून?” गोदूबाईने तिथेच त्याला ऐकवले, “धोंडाच आणून ठेवते तुझ्या म्होरं.”

अनुपमा, तिची नात, महाडला शाळेत शिकवायची. दोन वर्षे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून तिने घराण्याचा माग काढत आणला होता. हैबती वरंध घाटाच्या बाजूने बैलजोडी घेऊन उतरला, इथवर सगळ्यांचे म्हणणे जुळत होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या निवेद जायचा तो माळावरच्या ह्या धोंड्याला. म्हणजे मूळपुरुष हाच. आता तो खाली न्यायचा, त्यावर नाव कोरायचे, दारात बसवायचा.

गोदूबाईने पळसाच्या पानावर दहीभात ठेवला, पाणी फिरवले आणि पाठ करून चालू लागली.

“आजी, थांबायचं नाही?”

“नाय. मागं वळूनबी बघायचं नाय. रीत हाय.”

“सर्वपित्रीला तर कावळा शिवेपर्यंत आपण तिष्ठत बसतो. आजोबांच्या पानाला शिवेना, तेव्हा तू कावळ्याचा बाप काढला होतास.”

“मंग? घरचा माणूस उपाशी जाईल व्हय?”

बोलता बोलता गोदूबाईची काठी जागच्या जागी थांबली.

लग्नानंतर सासूने तिला पहिल्यांदा इथे आणले होते. पान ठेवताना सासूने वर बघितलेसुद्धा नव्हते. ‘ठेव नि नीघ. त्याची नजर आपल्यावर पडाया नको,’ ती म्हणाली होती. घरच्या माणसाच्या नजरेला कोणी असे भीत नाही. हैबतीचे नाव काही तिने घेतले नव्हते. ते पुढे कोणी जोडले? गोदूबाईनेच, बहुधा. मिरवायला बरे पडत होते.

“आजी,” अनुपमाचा आवाज उतरला, “हैबती आला तेव्हा इथं कोण होतं?”

“रान व्हतं.” गोदूबाई तोडून म्हणाली. मग पदराने तोंड पुसत राहिली, घाम नसतानाही.

भिकूने पुन्हा पहार लावली. “उचलू का, काकी?”

गोदूबाईने मागे न बघताच काठी आडवी हलवली.

“नको.”

“आन् नाव?”

“कुनाचं कोरशील?” ती खेकसली. “चल, पहार घे तुझी.”

उतरताना तिने अनुपमाचा हात धरला नाही. वाट सुक्या गवताने निसरडी होती, तरी.

देवळापाशी रामजी चार माणसांत बसला होता. तिघांना धोंड्याविना परतलेले बघून तो हसला.

“काय काकी, नाय आणला मूळपुरुष?”

“नाय.”

“म्हंजे आमीच आधी म्हना की!”

अनुपमाला वाटले, आता आजी त्याच्या सात पिढ्या उद्धरणार. गोदूबाईने काठी पायरीवर आडवी ठेवली.

“मीबी नाय, तूबी नाय, रामजी. आपल्या आदी हितं दुसरंच कुनी व्हतं,” ती हळूच म्हणाली, आणि पायरीवर त्याच्याच शेजारी टेकली. “जरा सरक तिकडं.”