सहादूला वाचवणारा बूट

मित्रांनो, मी उजव्या पायाचा एक जुना गमबूट आहे, पण माझ्यात आजवर कोणाचाच पाय गेलेला नाही. मी नमुन्याचा बूट, दुकानदारांना दाखवण्यापुरता. माझा डावा जोडीदार कारखान्यातच राहिला, कारण दाखवायला एक पुरतो.

सुप्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात काळा, कढत रस साच्यात ओतला गेला आणि माझा जन्म झाला. कडा कातरून मला थेट सुहासरावांच्या पिशवीत टाकलं. सुहासराव हे कारखान्याचे विक्रेते. एका शाळामास्तरांचे चिरंजीव, वय चाळिशीचं, बोलणं सरळ. दुकानात गेले की ते मला टेबलावर उभं करत आणि सांगत, की हा बूट चिखलासाठी आहे, रबर इतकं जाड आहे, पाणी आत शिरत नाही. दुकानदार मान हलवत आणि मोबाईल बघत राहत. वर्षभर असंच चाललं.

मग मालक कल्याणशेठ यांनी त्यांना बोलावून घेतलं. जाडी कोणाच्या ध्यानात राहत नाही, माणसाची गोष्ट राहते, तेव्हा गोष्ट सांगत चला, असं ते म्हणाले. सल्ला काही वाईट नव्हता. अडचण एवढीच, की सुहासरावांपाशी गोष्टच नव्हती. त्या दुपारी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली, दाभण तापवलं आणि माझ्या घोट्यापाशी शेजारी शेजारी दोन बारीक खुणा पाडल्या. रोज मला फडक्याने पुसणारे हात ते हेच का, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सापाचा बूट झालो. कर्जतकडचा सहादू नावाचा शेतकरी, उसाला पाणी देताना त्याला घोणस डसली, तिचे दात इथे रुतले पण आत पोचले नाहीत, आणि आज सहादू नातवंडं खेळवतोय, अशी ती गोष्ट. सुहासराव ती रंगवून सांगत. दुकानदार मोबाईल बाजूला ठेवत, माझ्या खुणांवरून बोट फिरवत. मागणी दुप्पट झाली. खरं सांगतो, महिन्याभरात मलाही ती गोष्ट आवडू लागली. आपण कोणाचा तरी जीव वाचवला आहे, असं मी स्वतःशीच धरून चाललो.

एकदा आम्ही तिसगावला गोरक्ष यांच्या कृषी सेवा केंद्रात होतो. गोष्ट ऐन रंगात आली असताना कपाशीचं औषध न्यायला भिमाबाई आल्या. साठीच्या, अंगाने काटक. त्यांनी सगळं ऐकलं, मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि सुहासरावांना विचारलं, "दात आत गेला न्हाई ना, भाऊ? खरं सांगा."

"नाही गेला, मावशी," सुहासराव म्हणाले.

भिमाबाईंनी जोड घेतला.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. गोरक्ष यांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. "सुहासभाऊ, भिमाबाईंना घोणस डसली. तुमच्या बुटातून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिमाबाई दरसाल कपाशीत शिरताना काठी आपटत जात आणि साप दिसला की मागे सरत. यंदा काठी घरीच ठेवली. सुनेच्या पुढ्यात घोणस निघाली, तेव्हा या बुटातून दात जात नाही म्हणत त्या पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्यावर पाय दिला. दात रबर फोडून घोट्यात गेले. नगरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले, चारदा डायलिसिस झालं, तेव्हा कुठे जीव वाचला.

सुहासरावांनी भिमाबाईंचं घर कुठे ते विचारून घेतलं. मी पिशवीत होतो. आमच्यातलाच एक भाऊ भिमाबाईंच्या पायात होता, आणि त्याला जे जमणारच नव्हतं ते माझ्या नावावर खपलं होतं.

आम्ही तसेच भिमाबाईंच्या घरी गेलो. त्या खाटेवर होत्या. पाय काळानिळा, सुजलेला. शिव्या खायची सुहासरावांची तयारी होती. पण म्हातारीच्या मनात रागच नव्हता.

"भाऊ, त्या सहादूला एकदा आना," त्या म्हणाल्या. "त्याला इचारायचं हाय, त्याचा पाय कसा वाचला. माझंच काय चुकलं, ते मला कळंना."

सुहासरावांनी मला पिशवीतून बाहेर काढलं.

"मावशी, सहादू कोणी नाही. त्या खुणा मी दाभणाने पाडल्यात."

भिमाबाईंनी मला मागून घेतलं. दाभणाच्या खुणांवर त्यांचं बोट आलं आणि तिथेच थांबलं.

"इतके दिस मी माझीच चूक धुंडत हुते," त्या हळूच म्हणाल्या. मग सुहासरावांकडे पाहून म्हणाल्या, "आता माझी गोष्ट सांगा लोकास्नी. पन पुरी सांगा. काठी ठिवून गेले, ते बी सांगा."

पुढच्याच आठवड्यात नेवाशाला शेतकऱ्यांच्या एका कंपनीची बैठक होती. तीनशे जोडांची मागणी जवळपास ठरली होती. अध्यक्ष शुभांगीताईंसमोर मला ठेवून सुहासरावांनी भिमाबाईंची गोष्ट सांगितली, दाभणासकट. मग हे बूट घ्यायचे तरी कशाला, असं ताईंनी विचारलं. चिखलासाठी, काट्यासाठी, खतामातीसाठी, असं उत्तर मिळालं. आणि साप दिसला तर मागे फिरायचं, डसला तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. ताईंनी चाळीस जोड घेतले. कल्याणशेठनी त्या महिन्यातच सुहासरावांकडून विक्रीचं काम काढून घेतलं आणि त्यांना गोदामात बसवलं. तिथेच एका फळीवर आता मीही असतो.

मित्रांनो, आम्हा बुटांना जपा. धुवा, उन्हात तडकू देऊ नका, घालण्यापूर्वी आत विंचू नाही ना ते झटकून बघा. आणि काही विकायला, काही पटवायला गोष्ट सांगाल, तर खुशाल सांगा. पण सांगणारा पुढच्या गावाला निघून जातो. ऐकणारा मात्र त्या गोष्टीच्या भरवशावर आपल्याच शेतात खरं पाऊल टाकतो.