औशाचे अधांतरी महाराज

निजामाच्या राज्यात जमिनीवर चालायलाही कुणाकुणाचं तोंड बघावं लागे. हवेत मात्र मोकळीक होती. म्हणूनच की काय, गगनानंद महाराज औशाच्या बाजारात, लिंबाच्या झाडाखाली, चांगले कमरेइतके वर हवेत मांडी घालून बसले होते. उजवा हात तेवढा जमिनीत रोवलेल्या दंडावर.

"दंड नुसता धरलाय," महाराज सांगत, "सोडला तर थेट कैलास!"

ते अजून गेले नाहीत याचेच लोकांना उपकार वाटत. फक्त चढता-उतरताना चेले भोवती चादर धरत. योग्याला चढताना बघितलं की डोळे जातात म्हणे.

जगदेवीचं लक्ष मात्र समोरच्या माळवदावर होतं. तिथे सपाट छपराच्या काठावर तिचा नवरा, चन्नबसप्पा भुसारवाले, लंगोट कसून उभा होता. कंबर धरली म्हणून बिचारा महाराजांकडे योग शिकायला गेला. वाकून-ताणून कंबर सुटलीही. पण मग त्यांनी भाकरी बंद केली, तसं धोतर ढिलं झालं.

"बघ, पृथ्वीची ओढ सुटून राहिली!" तो म्हणे.

"ओढ न्हाई, जेवण सुटलंय," ती म्हणे.

आणि आज महाराजांची आज्ञा झाली होती : नवशिक्यानं पहिलं उड्डाण उंचावरून करावं. "पिल्लू घरट्यातून झेपावतं, विहिरीतून न्हाई!" महाराजांनी खूण केली की चन्नबसप्पा पाऊल टाकणार.

जगदेवी परात अन् तांब्या घेऊन गर्दीत घुसली. "महाराज, उड्डाणाआधी पाय धुवायचे. तीर्थ घेतल्याबिगर आमच्यात शुभकार्य होत न्हाई."

महाराज दचकले. लिंगायतांच्या गावात गुरूचे पाय धुतात, हे परगावच्या माणसाला कोण सांगणार? "समाधीत जलस्पर्श वर्ज्य!"

म्हातारे गुरुपादप्पा खाकरले. "पाय धू नका म्हणनारा गुरू म्या पहिल्यांदाच बघून राहिलो. जगदेवक्का, धू तू!"

तिनं भगवी कफनी उचलली. तांब्या आपटला : टण्ण!

"अगंबाई! महाराज, तुमचे पाय लई कडक हायत!"

पाय नव्हतेच ते. लोखंडी पाट होता. दंडही लोखंडी. त्यातून निघालेली सळई बाहीतून पाठीमागे जाऊन पाटाला जोडलेली. पाळण्यात बाळ बसावं तसे महाराज बसलेले, वर कफनीचं पांघरूण! पळावं तर आधी उतरायला हवं, आणि चादरवाले चेले कधीच पसार झालेले.

माळवदावरून हाक आली, "जगदेवी, उडू का गं?"

"उडा की! पण आधी भाकरी खाऊन घ्या. अन् अवो, जिन्यानं या!"

चन्नबसप्पा जिन्यानं आला.

आसनं तो पुढेही करत राहिला. घोंगडीवर, पोटभर जेवून पचल्यावर. कंबर ठणठणीत. योगानं कंबर सुटते, जमीन सुटत नाही. तेव्हा बाबांनो, ज्याच्या पाया पडायचं, त्याच्या बुडाखाली काय आहे ते आधी बघावं. खऱ्या गुरूला त्याचा राग येत नाही. आणि खोट्याला आलाच, तर तो वरच अडकलेला असतो.