एका घंटीच्या तीन हाका

त्या दुपारी आत्याने नेहमीसारखं माझ्या डोक्यावर बोट दाबलं आणि मी 'टिंग' म्हणायच्या ऐवजी 'ठक' म्हणाले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा ठक. माझ्या काळजात धस्स झालं. घंटीला कसलं आलंय काळीज, असं म्हणू नका. माझ्या पोटात एक एवढीशी हातोडी आहे, ती जरा काही झालं की उडते. आता काळीज म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मी टेबलावरची घंटी. उपड्या वाटीसारखी दिसते, डोक्यावर बटण, खाली चकती. जन्माची घाबरट. स्वतःच्याच आवाजाने दचकणारी घंटी तुम्ही अजून पाहिली नसेल, तर ती मीच.

जिथे मी घडले, त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. प्रत्येकीला कानाशी धरून वाजवून बघायची. माझी पाळी आली तेव्हा तिने मान तिरकी केली. "अगं, ही जरा जास्तच उडते."

"उडू दे की," शेजारची म्हणाली, "झोपाळू घंटी घेऊन काय करायचंय?"

अशी मी पास झाले. परीक्षेला बसलेल्या पोरांबद्दल मला माया वाटते, ती तेव्हापासूनची.

तिथून मी आले वकीलसाहेबांच्या ऑफिसात. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. टेबलावर फायलींचे डोंगर आणि त्यांच्या मधल्या खिंडीत मी. साहेब मोठ्याने बोलायचे ते फक्त कोर्टात. ऑफिसात त्यांच्या वतीने मीच बोलायची, आणि माझी एक भाषा ठरलेली होती.

एकदा वाजले, म्हणजे पाणी. दोनदा वाजले, म्हणजे कारकूनकाकांनी फाईल घेऊन यायचं आणि कुठला कागद कुठे लावलाय नि का लावलाय, ते साहेबांना समजावून सांगायचं. आणि तीनदा वाजले, की साहेबांची मुलगी यायची. ती तेव्हा कायद्याच्या कॉलेजात होती, बाहेरच्या बाकावर वाचत बसलेली असायची. "आले, बाबा!" म्हणत समोरच्या खुर्चीत बसायची आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मी कोणाच्या बाजूने बोलू?"

"समोरच्याच्या," साहेब म्हणायचे. मग दोघं असे भांडायचे, असे भांडायचे की बाहेर बसलेले पक्षकार घाबरून उठायला लागायचे. तीन टोल्यांचा अर्थ तोच होता: ये, बस, माझ्याशी वाद घाल. कारण साहेब म्हणत, समोरचा काय म्हणेल हे ज्याला माहीत नाही, त्याला स्वतःचं म्हणणंही अर्धंच माहीत असतं.

कारकूनकाका निवृत्त झाल्यावर नवे काका आले. भारी उत्साही माणूस. मी एकदा वाजले की पाण्याचा ग्लास, बगलेत फाईल, मागे पक्षकार आणि पक्षकाराच्या मागे गोंधळलेली साहेबांची मुलगी, अशी सगळी वरातच आत आणायचे.

"अहो काका, मला तहान लागली होती," साहेब एकदा म्हणाले. "ह्या गृहस्थांना मी काय पिऊ?"

"नाही साहेब, म्हटलं ह्यातलं काहीतरी उपयोगी पडेलच!"

"बोलावलंय कशाला, ते ऐका हो आधी. मग धावा."

हे काका लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहेत.

साहेब गेले तेव्हा ऑफिस रिकामं झालं. फायली ज्यांच्या त्यांना गेल्या, टेबल कोणी नेलं. मला साहेबांच्या मुलीने ओढणीत गुंडाळून घरी आणलं. तोवर ती शाळेत कायदा हा विषय शिकवायला लागली होती, आणि तिच्या भावाच्या लहान लेकीची आत्या झाली होती. त्या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. का, ते तिला दोन मिनिटं बोलू दिलंत की कळतं.

भिंगरी लहान असताना आम्ही दोघी ऑफिस-ऑफिस खेळायचो. "एकदा वाजली, आत्या, पाणी आण! दोनदा वाजली, फाईल आण नि समजाव! तीनदा वाजली, ये, भांड माझ्याशी!" आणि आत्या हातातलं काम टाकून यायची नि खोटंखोटं भांडायची. माझ्या आयुष्यातले ते गोड दिवस. मग भिंगरी मोठी झाली आणि मी फडताळात गेले. चाव्या, सुटे सेल आणि टोपण हरवलेली पेनं ह्यांच्या संगतीत. त्यांच्याशी काही माझं जमलं नाही. सेल तर एका शब्दाने बोलत नसत.

मला पुन्हा बाहेर काढलं ते भिंगरीच्या सहामाहीच्या पेपरामुळे. पोरीने कायदा हा विषय हौसेने घेतला होता. तिच्या वर्गाला शिकवायलाही आत्याच. शाळेत 'मॅडम' म्हणायचं आणि घरी 'आत्या', त्यात तिची सारखी गल्लत व्हायची. एकदा भर वर्गात "आत्या, माझा डबा?" म्हणाली होती म्हणे. विषय आवडता, पाठांतर चोख, आणि मार्क? निम्मेसुद्धा नाहीत. शाळेने सांगून टाकलं: वार्षिक पेपरात निम्मे मार्क पडले तरच पुढच्या वर्गात हा विषय मिळेल. भिंगरीला आजोबांसारखं कोर्टात उभं राहायचं होतं. ती रात्रभर उशीत तोंड खुपसून पडली होती, असं तिची आई सांगत होती.

आत्याने पेपर टेबलावर पसरला आणि कपाळाला हात लावला. "निष्काळजीपणा म्हणजे काय ते सांगा, दोन मार्क. त्याला तू तीन पानं लिहिलीस! आणि दहा मार्कांच्या प्रश्नाला?"

"वेळ संपला."

"आणि हे काय? दुकानात फरशी ओली होती, पाटी लावली नव्हती, गिऱ्हाईक मोबाईल बघत पळत आलं नि पडलं. दुकानदार जबाबदार आहे का? तू काय लिहिलंयस, वाच."

भिंगरीने खालच्या आवाजात वाचलं, "'दुकानदार अत्यंत नालायक माणूस आहे.'"

"बघितलायस का तू त्याला?"

"आत्या, पाटी लावायला काय जातं गं त्याचं!"

"तेच लिही ना मग! काळजी घेणं त्याचं कर्तव्य होतं, का होतं? ते त्याने पाळलं नाही, कशावरून? त्यामुळेच ती इजा झाली का, का मोबाईलमुळे? कायदा सांगायचा आणि लगेच त्याचं टोक ह्या दुकानाला, ह्या ओल्या फरशीला बांधायचं. नुसता कायदा लिहिलास तर तो हवेत लोंबकळतो, आणि नुसता राग लिहिलास तर त्याला मार्क नाहीत."

मग आत्याने तिला त्या उत्साही काकांचा किस्सा सांगितला. आई स्वयंपाकघरातून हसली, भिंगरीही हसली, आणि मला वाटलं, चला, जुने दिवस आले परत.

पण माझं नवं काम वेगळं होतं. भिंगरी तोंडी उत्तर द्यायची आणि भरकटली की आत्या मला दाबायची. टिंग! विचारलं नव्हतं ते बोललीस. टिंग! कायदा सांगितलास, दुकान कुठंय? टिंग! पुन्हा दुकानदाराला शिव्या. आत्याचा हेतू चांगलाच होता, पण हात तिच्या वडिलांसारखा हलका नव्हता. मी वाजले की भिंगरी खांदे उचलून दचकायची, आणि तिला दचकलेली बघून मी दचकायची. पोरीच्या तोंडचे शब्द जिथल्या तिथे थिजायचे. आयुष्यभर मी माणसांना बोलावलं होतं. गप्प करायला कोणी मला कधी वापरलं नव्हतं.

आता त्या 'ठक'कडे येते.

आत्याने मला उलटं केलं, चकती सैल केली, आणि माझ्या पोटातून खोडरबराचा तुकडा टुणकन बाहेर पडला. नीट कापून, हातोडीच्या आड बसवलेला.

"हे कोणी केलं?"

"मी." भिंगरीने लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. "ती वाजली की मी दचकते. येत असतं तेही जातं. किती वेळा सांगितलं तुला!"

"ही माझ्या बाबांची घंटी आहे."

"मग बाबांनाच शिकव!"

बोलून गेली आणि स्वतःच घाबरली. आत्याने मला पदराने पुसलं, पुसायचं काही नव्हतं तरी पुसलं, आणि फडताळावर ठेवलं. "ठीक आहे. तुझं तू बघ. शाळेत मॅडम आहे मी, तेवढी पुरे."

दोघीही तशा एकाच मुशीतल्या. चूक झालीय हे दोघींना कळतं, आधी बोलायचं मात्र दोघींच्या जिवावर येतं. त्यानंतर घरात "मीठ दे", "दार लाव" एवढंच चालू राहिलं. आईने मध्ये पडून पाहिलं. "ताई, लहान आहे हो ती."

"लहान नाही, वकील व्हायचंय तिला," आत्या म्हणाली आणि आपल्या खोलीत पेपर तपासायला गेली. पण दार पूर्ण लावलं नाही. फडताळावरून मला ते दिसायचं. रोज एक फट उघडी असायची, आणि त्या फटीपुढून भिंगरी रोज न थांबता जायची.

आज रविवार. उद्या वार्षिक पेपर. सकाळी भिंगरीने खुर्चीवर चढून मला खाली घेतलं.

वाटलं, फेकते की काय आता! पण तिने मला वहीशेजारी ठेवलं, फुंकर घातली आणि पुटपुटली, "सॉरी हं." मला म्हणाली की आजोबांना, कोण जाणे.

मग सरावाच्या पेपरातला पहिला प्रश्न वाचला: 'करार म्हणजे काय ते सांगा.' पेन उचललं. लगेच पान भरून टाकणार तोच थांबली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच मला एकदा दाबलं. टिंग.

"एकदा," ती म्हणाली. "नुसतं पाणी."

दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला! ऑफिस-ऑफिसचा खेळ पोर विसरली नव्हती.

पुढचा प्रश्न: 'दुकानदाराची जबाबदारी स्पष्ट करा.' टिंग, टिंग. "फाईल आणा, आणि कागद का लावलाय ते सांगा." ह्या वेळी तिने एकेक मुद्दा घेतला. कर्तव्य, मग लगेच ओली फरशी. त्या कर्तव्याचा भंग, मग लगेच न लावलेली पाटी. नालायक हा शब्द एकदाच पेनाच्या टोकापर्यंत आला होता, तिने तो गिळला.

मग आला शेवटचा, दहा मार्कांचा. 'ग्राहकांना संरक्षण देण्यात कायदा कितपत यशस्वी ठरला आहे, मूल्यमापन करा.' इथे गाडं अडलं. ग्राहकाच्या बाजूने तिने झरझर लिहिलं, आणि संपलं. खाली अर्धं पान कोरं. दुसरी बाजू तिला दिसेचना. ज्या प्रश्नावर सहामाहीत पाणी सोडलं, तोच पुन्हा समोर, आणि उद्याचं सगळं ह्या अर्ध्या पानावर.

ज्यांच्या टेबलावर माझी एखादी बहीण असेल, त्यांना मला एवढंच सांगायचंय: तिला गप्प करायला वाजवू नका, बोलवायला वाजवा. आणि कोणी असं बोलावलं, तर मागचा हिशेब काढत बसू नका.

भिंगरीचं बोट माझ्या डोक्यावर आलं. तिच्याइतकीच मीही धास्तावले होते. नाहीच आलं कोणी तर? माझ्या पोटात खोडरबराचा कण राहिला असला, आणि मी ठक म्हणाले तर?

टिंग.

टिंग.

टिंग.

आत्याच्या खोलीतलं लाल पेन थांबलं. पानांची सळसळ थांबली. भिंगरीने डोळे मिटून घेतले. घरात एवढी शांतता, की माझ्या वाटीत उरलेला नाद मलाच ऐकू येत होता.

मग खुर्ची सरकली. दाराची फट रुंद झाली.

"आले," आत्या म्हणाली. आली, समोरची खुर्ची ओढून बसली, चष्मा वर सरकवला.

"बोल. मी कोणाच्या बाजूने बोलू?"