लिहायचं रावा, म्हणायचं रोवो

आमच्या गावाचं नाव लिहिताना केडुंगरावा, म्हणताना केडुंगरोवो. जावा बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. कागदावर 'आ', तोंडात 'ओ'. शाळेची पाटी, जमिनीचे कागद, कब्रस्तानाची कमान, सगळीकडे रावाच लिहिलंय आणि आजवर कुणी ते रावा म्हणून वाचलं नव्हतं. वाचलं ते बांग इधामनं.

बांग इधाम म्हणजे 'पासिर हितम' बँडचा गायक. सत्तावीस वर्षं झाली, त्यांचं एक गाणं मला पाठ नाही असं नाही. बाजारात माझी पेचेलची गाडी आहे. उकडलेल्या भाज्या, वर शेंगदाण्याची तिखट चटणी. सकाळी सहापासून गाडीवर पासिर हितम वाजतं. गिऱ्हाईक म्हणालं, "आवाज जरा कमी करा," की मी त्याची चटणी कमी करते.

त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला गावोगावचे चाहते बांबूवर आपापल्या गावाचा झेंडा घेऊन जातात आणि शेवटच्या गाण्याआधी बांग इधाम झेंड्यांवरची नावं वाचतो. आमचं नाव कधीच आलं नव्हतं. गेल्या वर्षी माडियुनमध्ये एकदाचं आलं आणि हा जकार्ताचा माणूस सरळ म्हणाला, "केडुंगरावा!"

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. दुसऱ्या दिवशी बाजारात शेजारच्या तेगालसारीचा जुमाली माझ्या गाडीपुढे उभा. मला यू, म्हणजे ताई, म्हणतो. "काय यू कास्मि, गाव जकार्ताला हलवलं म्हणे? तिकडे दर तिसऱ्या गल्लीच्या नावात रावा असतं!" वर्षभर त्यानं ते पुरवून पुरवून वापरलं. त्याचं काय जातंय, त्याच्या गावाचं नाव लिहितात तसंच म्हणतात.

माझी पोरगी वेनिंग शिवणकारखान्यात बाह्या जोडते. ती म्हणाली, "माक, झेंड्यावर सरळ 'ओ' लाव ना. वाचणाऱ्याची सोय."

"चूक त्याची आणि नाव आपण बदलायचं?" मी म्हटलं. "उद्या कुणी मला कास्मिनाहच्या जागी टोपली म्हटलं तर मी टोपली होऊ का?"

"मग बसा वर्षभर जुमालीकाकांचं ऐकत."

यंदा कार्यक्रम सोलोच्या मैदानावर होता. मनात एकच होतं. नाव वाचलं जावं आणि नीट वाचलं जावं. दुपारी ट्रकातून उतरलो, गर्दीत शिरून पुढची जागा धरली, पहिलं गाणं सुरू झालं तसा मी झेंडा उंच केला. शेजारीच तेगालसारीचा झेंडा होता. जुमाली वर बघून खो खो हसायला लागला.

"यू कास्मि, ही दोन अंडी कुणी चिकटवली?"

मी मान वर केली. काळ्या कापडावर माझी पांढरी रोमन अक्षरं, आणि शेवटच्या दोन 'आं'वर पिवळ्याधमक कापडाचे दोन गोल गोल 'ओ'. वेनिंग माझ्याकडे न बघता गाणं म्हणत होती.

"हे तुझे उद्योग?"

"तुझ्यासाठीच केलं माक."

अशी तिडीक गेली डोक्यात! पण गाणं चालू असताना आमच्याकडे कुणी झेंडा उतरवत नाही. अंडी मिरवत उभी राहिले.

सूर्य मावळला, जवळच्या मशिदीतून मगरिबची अजान आली आणि नेहमीप्रमाणे बँड थांबला. सगळे झेंडे खाली आले, मैदान मांडी घालून बसलं. कुणी नमाजाला गेलं, कुणी डबे सोडले. मी झेंडा मांडीवर ओढला. आत कात्री आणू देत नाहीत, म्हणून डोक्यावरच्या ओढणीची टाचणी काढली आणि टाके उसवायला लागले.

काय टाका होता! बारीक, एकसारखा, दुहेरी. टाचणी वाकली, बोटाला रक्त आलं, तरी सुटेना. मनातल्या मनात पोरीला शिव्या देत होते आणि मनातल्या मनात म्हणतही होते, असला टाका सबंध कारखान्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. वेनिंगनं चटणीभाताची पुडी माझ्यापुढे सरकवली.

"खाऊन घे. मग उसव."

एक 'ओ' निघाला. दुसऱ्याला हात घातला आणि ढोल वाजला. सगळे उठले, झेंडे वर गेले. मलाही उठावं लागलं. आता झेंड्यावर होतं केडुंगरावो. अर्धं माझं, अर्धं तिचं, आणि असं गाव अख्ख्या जगात कुठं नाही.

शेवटच्या गाण्याची वेळ आली. बांग इधाम नावं वाचायला लागला. क्लातेन, बोयोलाली, तेगालसारी. जुमालीनं छाती काढली. मग बांग इधामचा हात आमच्या झेंड्यावर येऊन थांबला.

"केडुंग... रावो?" तो डोळे बारीक करून म्हणाला. मैदानभर हशा पिकला. "थांबा, थांबा. गेल्या वर्षी झेंड्यावर वेगळं होतं ना? बू, म्हणायचं तरी काय तुमच्या गावाला?"

मला बू, म्हणजे आई, म्हणून तो विचारत होता. सत्तावीस वर्षं ज्याला ऐकत आले, तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. आणि भर बाजारात चार गाड्यांचा गलका दाबणारा माझा आवाज फुटेना.

"रोवो!" शेजारून किंकाळीच आली. वेनिंग. मानेच्या शिरा फुगलेल्या. "केडुंगरोवो!"

तिचं ऐकलं आणि मीही ओरडले. "रोवो! लिहायचं रावा, म्हणायचं रोवो!"

"मग लिहितानाच 'ओ' का नाही लिहीत, बू?"

"आजोबा-पणजोबांपासून तसंच लिहितात म्हणून! ज्याला येत नाही त्यानं विचारावं!"

ढोलवाला हसता हसता वाकला. बांग इधाम हसला नाही. त्यानं गिटार पाठीवर टाकली, छातीशी हात जोडले आणि आमच्या जावानी पद्धतीनं खाली झुकला. "गेल्या वर्षी चुकलो, बू. न विचारता वाचलं. माफी असावी." मग मैदानाकडे वळला. "चला, सगळ्यांनी. मला शिकवा."

आणि मैदान म्हणालं. पुढचे म्हणाले, मागचे म्हणाले, झाडावर चढलेली माणसं म्हणाली. जुमाली तर माझ्या कानात ओरडत होता, "केडुंगरोवो! केडुंगरोवो!" तेवीस हजार माणसं होती म्हणे. एकाचाही उच्चार चुकला नाही. मी रडत होते, सांगायला लाज कसली? माझ्या गावाचं नाव होतं ते.

"हा झेंडा शिवला कुणी?" बांग इधामनं विचारलं.

मी वेनिंगकडे बोट केलं. त्याच वेळी वेनिंगनं माझ्याकडे केलं होतं.

तो 'ओ' अजून तिथंच आहे. टाका पक्का आहे, उसवायला मन होत नाही.